धाकटीने मला बसमधून उतरवलं

तीर्थस्वरूप ताईस लहान भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (भावजींच्या गुडघ्यांचं विचारत नाही; ते फोनवर सविस्तर सांगतात.) इकडे सगळं खुशाल, फक्त माझी अब्रू सोडून.

आपली धाकटी आता एकटी बसने कामाला जाते. बत्तीस वर्षांची आहे, रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते (मी घातलेली घडी परवा तिने मुकाट्याने मोडून पुन्हा घातली). तिला हिशेब जमत नाही, पाटी वाचायला वेळ लागतो, आणि गेल्या वर्षी एका गोडबोल्या माणसाने बोलता बोलता तिचा मोबाईल लांबवला, हे तू जाणतेसच. तेव्हापासून मीच तिला नेत-आणत होतो. पण तिच्या प्रशिक्षक बाईंनी महिनाभर तिला बस शिकवली, कुणी मागे लागलं तर काय करायचं तेही घोकून घेतलं आणि मला बजावलं, की आता तुम्ही घरी बसायचं. मी मान डोलावली आणि सोमवारी टोपी, काळा चष्मा, मफलर चढवून तिच्याच बसमध्ये मागे जाऊन बसलो.

तिने बस बदलली, मीही बदलली. ती पुढे सरकली, मीही सरकलो. तोच ती थेट चालकाजवळ गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "तो मफलरवाला दोन बसपासून माझ्या मागे आहे. बस थांबवा." ताई, अख्खी बस माझ्याकडे वळली! एका धिप्पाड बाईंनी माझी कॉलर धरली. मी चष्मा काढून ओरडलो, "अहो, मी भाऊ आहे तिचा!" वाहकाने तिला विचारलं, खरं का? तिने मला नीट न्याहाळलं.

"भाऊच आहे," ती म्हणाली, "पण मी बोलावलं नव्हतं."

मला भर रस्त्यात उतरवलं. कॉलर फाटली होती, पण छाती अशी फुगली की बटणंही तुटायची! वीस मिनिटांनी तिचा फोन आला, पोचले म्हणून. (मला घरची बस सापडेना. नंबर तिनेच सांगितला.)

तुझा,
भाऊ

ता. क. पुढच्या महिन्यापासून ती मैत्रिणीबरोबर वेगळी खोली घेऊन राहणार आहे. मदतनीस बाई रोज येऊन बघून जातील. मी परवानगी दिली (कुणी मागितली नव्हती). पण घर मला खायला उठेल गं. आठ दिवस तुझ्याकडे येऊ का?

आणखी एक ता. क. हे पत्र धाकटीने सावकाश, पण पूर्ण वाचलं. म्हणते, ताईला लिही, दादाला घ्यायला स्टँडवर ये. तो एकटा घाबरतो.