आखाजीनंतरची सुनावणी

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सुरतेत उधन्याच्या बाजूला गेले की आयकर अपिलाचा तो दिवस आठवतो. मी तेव्हा बारावीत होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपला सहा मागांचा कारखाना बंद ठेवून सगळे खानदेशात गेलो होतो, आणि आयकराची नोटीस बंद शटरवर चिकटवली गेली. परत आलो तोवर तारीख उलटून गेली होती. कुणी हजर नाही म्हणून हुकूम एकतर्फी निघाला. शेठच्या सुताचं कापड विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची, एवढाच तुमचा धंदा; पण विणलेलं सगळं कापड तुमचंच धरून कर लावला होता. माग जप्त होणार म्हणून आईचं जेवण तुटलं होतं.

वकील परवडत नव्हता, म्हणून तुम्ही मला सोबत नेलंत. अपिलाचे साहेब समोर बसलेत. तुम्ही सूत-कापडाच्या चलनांची, त्या पोचपावत्यांची पिशवी पोटाशी धरून उभे आहात. तुम्ही तोंड उघडलंत, "साहेब, सूत शेठनं, कापड शेठनं..." आणि मला लाज वाटली. 'शेठचं' म्हणायचं सोडून इथे अहिराणी 'शेठनं' कशाला? मी मध्येच शाळेतल्या हिंदीत सुरू झाले. तुम्ही पुन्हा बोलायला गेलात, मी पुन्हा तोडलं. साहेबांनी हात वर केला.

"बेन, तमे बेसो. काकाने बोलवा दो."

काकांना बोलू द्या म्हणाले, तशी मी बसले. मग तुम्ही सावकाश बोललात. "मन्ही फक्त मजुरी शे, साहेब. आखाजीले गावले गयथू." तुमची बोली त्यांच्या गुजरातीला इतकी जवळची, की त्यांना एकदाही काही पुन्हा विचारावं लागलं नाही. एकेक चलन उलटून पाहत ते म्हणाले, माणसाचं ऐकल्याशिवाय हुकूम कसा काढला? तो रद्द, पुन्हा चौकशी होईल, तोवर मागांना कुणी हात लावणार नाही.

बाहेर येऊन तुम्ही एका गाडीवर लोचो मागवलात, हरभरा डाळीचा तो मऊ सुरती नाश्ता, वर जास्तीची शेव. माझ्या खांद्यावरचं ओझं तिथेच, त्या गाडीपाशी उतरलं. "मास्तरीणबाई, आते तरी मन्हं आयकशी का?" म्हणत तुम्ही हसलात. रागाचा लवलेश नव्हता. पुढच्या चौकशीत निकाल आपल्या बाजूने लागला, माग चालू राहिले, माझं कॉलेजही त्यांच्यावरच झालं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच लिहायला धीर आला. त्या दिवशी घरी आल्या आल्या मी आईला सांगितलं होतं, "साहेबांना सगळं मी समजावलं." तुम्ही दारात चपला काढत होतात. ऐकलंत, चपला भिंतीशी लावल्यात आणि आईकडे पाणी मागितलंत. आई आजही येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगते, पोरीने माग वाचवले म्हणून. मी शेजारी बसलेली असते, आणि अजून तिला खरं सांगितलेलं नाही.