सहावा बार

गोरेगाव तांडा,
ता. हिंगोली, जि. परभणी
१२ ऑगस्ट १९७९

प्रिय हरिचंददादास,
फुलसिंगचा न. वि. वि.

गुरुजींनी पत्राचा मायना घोकून घेतला होता, ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. त्यातला ‘सा’ मी मुद्दाम गाळला आहे. साष्टांगाला आठ अंगं लागतात आणि माझ्याकडे सातच उरली आहेत. हसलास का? नसशीलच. दवाखान्यातसुद्धा मी असलं काही बोललो की तू खिडकीबाहेर बघायचास.

इकडे सगळं ठीक आहे. पाऊस बरा झाला, ज्वारी कमरेला लागली. याडीचा गुडघा दुखतो, पण आपली आईच ती, शेतात जायचं काही सोडत नाही. मी तिजेच्या सणासाठी आलो आहे. बाबूसिंग नाईकांच्या दारात पोरींच्या टोपल्यांत गहू वीतभर वर आला आहे. जिवनबाई वहिनी मिराला घेऊन आली हे फार बरं झालं. मिरा पाण्याची कळशी घेऊन सगळ्यांच्या पुढे पळते. पळण्यात ती काकावर गेली आहे, तुझ्यावर नाही. बापू तुझं नाव घेत नव्हते. ‘नव्हते’ का लिहिलं ते पुढे सांगतो.

आता माझं. पुण्याला कृत्रिम पाय बनवतात तिथे मी चामड्याचे पट्टे शिवतो, हे तुला ठाऊक असेल. तिथली काही पोरं रविवारी गड चढायला जायची. एकदा एकजण म्हणाला, “फुलसिंग, तू खाली डबे सांभाळ.” मला राग आला. डबे त्याच्याच गळ्यात अडकवले आणि चढलो. तुटक्या पायाच्या खुंटाची सालं निघाली, आठ दिवस पाय बांधता आला नाही. नवव्या दिवशी पट्टा नव्यानं शिवला, आत लोकरीची पट्टी घातली आणि पुन्हा गेलो. असं तीन वर्षं केलं.

या उन्हाळ्यात त्याच पोरांनी मला हिमालयात गिर्यारोहणाच्या शिक्षणाला नेलं. तिथले उस्ताद पहिल्या दिवशी माझ्या पायाकडे बघून म्हणाले, “भाई, चढना आसान है, उतरना देखेंगे.” बराबर बोलले. चढताना मी कुणाला ऐकत नाही, पण उतरताना लाकडी घोटा वाकत नाही, म्हणून तिरकं, खेकड्यासारखं उतरावं लागतं. बुटाखाली लोखंडी काटे बांधतात, ते डाव्या पायाला दोन ठिकाणी तारेनं आवळून घेतो. एक फायदा आहे. बाकीच्यांना थंडीत पायाची दहा बोटं सांभाळावी लागतात, मला पाचच.

पंधरा हजार फुटांपर्यंत गेलो, दादा. जिल्ह्यात पाच हजार मीटर पहिला आलो तेव्हा तू मला खांद्यावर घेऊन मैदानात नाचला होतास. मला वाटलं होतं ते सुख आता पुन्हा नाही. ते तिथे पुन्हा भेटलं. आता आमच्या गिर्यारोहण मंडळाला एका शिखराची परवानगी मिळाली आहे. त्याला नाव नाही, नकाशावर नुसता आकडा आहे, वीस हजार सातशे वीस फूट. बावीस तारखेला पुण्याहून निघायचं आहे. माझ्यासारख्याला घरच्या वडीलधाऱ्या माणसाची लेखी संमती लागते. तो फॉर्म सोबत आहे. त्यावर बापूंची सही नाही. तुझी हवी आहे.

इथपर्यंत भराभर लिहिलं. आता पेन अडलं आहे.

मागच्या दोन वर्षांत मी चारदा सिद्धेश्वरला आलो. पाटापर्यंत आलो, पलीकडे तुझं घर दिसायचं. एकदा तू बैल धूत होतास. चारही वेळा तिथूनच परत फिरलो. डोंगर चढणारा माणूस मी, मला एवढा पाट ओलांडता आला नाही.

उस्तादांसोबत बर्फावर होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. दोरीला चौघे बांधलेले, मी पुढे. मागून उस्ताद ओरडले, “रुको!” मी होतो तसा थांबलो. डावा पाय टेकायचाच बाकी होता. काठीनं टोचून पाहिलं तर समोर बर्फाचा नुसता पापुद्रा, खाली तळ न दिसणारी भेग. सगळे मला शाबासकी देऊ लागले आणि मी बर्फात बसून रडलो. त्यांना वाटलं खुंट दुखतोय. तसं नव्हतं. हाक ऐकली की थांबता येतं, इतकी साधी गोष्ट होती ती.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर तू मुकादम होतास. त्या दिवशी खडकात सहा सुरुंग भरले होते. सहा बार मोजायचे, मग तू शिट्टी मारायची, मग माणसांनी आडोशातून निघायचं. बार झाल्यावर पहिला पळत मी जायचो, बाया हसायच्या, मला ते आवडायचं. मी मोजले सहा. त्यातला एक डोंगराचा पडसाद होता, हे मला नंतर कळलं. तू पाचच मोजलेस. मी निघालो तसा तू ओरडलास, “थांब फुल्या, एक राहिलाय!”

मला ऐकू आलं होतं, दादा. अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं. दादाला मोजता येत नाही, असं मनात म्हणत मी पळालो.

दवाखान्यात कामावरच्या साहेबांनी विचारलं, शिट्टी झाली होती का? मी म्हणालो, “झाली.” पाय गेला होता, दुसऱ्या दिवशी धावायची होती ती शर्यत गेली होती, आणि हे माझ्याच हातून झालं असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. तू खाटेजवळ उभा होतास. एक शब्द बोलला नाहीस. तुझं मुकादमपण गेलं, बापूंनी तुझी शिट्टी काढून घेतली, तांडा सुटला. मी नवा पाय बांधून पुण्यात चालायला शिकलो आणि गप्प राहिलो.

वाटायचं, तुला तर खरं ठाऊक आहेच. पण परवा वहिनी म्हणाली, “ते म्हंत्यात, म्याच मोजण्यात चुकलो असंल, शिट्टी वाजवली असंल. मिरा पाढे म्हणाया लागली की पाचाच्या फुडं उठून भाईर जात्यात.”

ते ऐकलं आणि मला जेवण गेलं नाही. दादा, तू चुकला नव्हतास. पाचच झाले होते. शिट्टी वाजली नव्हती.

हे मी काल दुपारी नाईकांच्या दारात, तिजेला जमलेल्या सगळ्या तांड्यासमोर उभ्यानं सांगितलं. मग बापू म्हणाले, “मंग त्यानं तवा काहून न्हाई सांगितलं?”

याडी म्हणाली, “तुमी इचारलं व्हतं का त्याला?”

बापू घरात गेले, पेटी उघडली आणि तुझी शिट्टी आणून माझ्या हातात दिली. म्हणाले, “त्याची हाय, त्याला दे. अन् सही बी त्याचीच घे. म्या न्हाई करत.” त्यांचे डोळे भरले होते. ते तुला सांगू नको म्हणाले, म्हणून सांगतो.

मला त्या शिखरावर जायचं आहे. पायाची दया करणाऱ्यांना दाखवायला नाही. मला जायचं आहे म्हणून जायचं आहे, आणि उतरायचंही आहे, खेकड्यासारखं का होईना. पण या वेळी पुढचं पाऊल तुला विचारून टाकणार आहे. पटलं तर फॉर्मवर सही कर. नाही पटलं तर सहीच्या जागी ‘थांब’ लिही. मी थांबेन. रागानं नाही, कुरकुर न करता थांबेन. माफी मागत नाही, ती द्यायची की नाही ते तुझं तू ठरव.

शुक्रवारी शिट्टी घेऊन येतोय. या वेळी पाट ओलांडून दारापर्यंत येईन. दार लावलेलं असलं तर उंबऱ्याशी बसेन.

वर जो ‘सा’ गाळला तो पायामुळे नव्हता. हे सांगितल्याशिवाय तो लिहायचा मला हक्क नव्हता. आता लिहितो. एक अंग लाकडाचं आहे, पण आठ भरतात. तू मोजून घे, तुझी मोजणी बरोबर असते.

तुझा धाकटा भाऊ
फुल्याचा
साष्टांग नमस्कार.