दर्यापूरची यादी

सर, तुमचं मशीन गेल्या महिन्यात भंगारात गेलं. बंद करून चार वर्षं झाली होती, नुसतं खोली अडवून उभं होतं. अमरावतीच्या आपल्या संगणक केंद्रातून बाहेर काढताना दार अपुरं पडलं, चौकट उचकटावी लागली. मी आता तिथली प्रमुख आहे, म्हणून सही करायला उभी होते. एका हमालानं विचारलं, "मॅडम, हे बिघडलं होतं काय?" मी कागदाकडे बघत "हो" म्हटलं. ते एकदाही बिघडलं नव्हतं, हे त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक असायला हवं होतं, पण ते मी होऊ दिलं नाही. त्याची लाज वाटते म्हणून आज लिहायला बसले आहे.

शेंदूरजनाघाटच्या फुलं-भाजी पिकवणाऱ्या घरातली मी, डिग्री घेऊन नुकती रुजू झालेली, शहाणपण जरा जास्तच. कपाटाएवढं मशीन, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि खोलीत जायचं तर चपला बाहेर. सगळ्या विभागातल्या निराधार बायांचं, म्हाताऱ्यांचं अनुदान त्यातून जायचं, आणि तो प्रोग्रॅम तुम्ही ऐन तरुणपणी लिहिलेला. मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं, "सर, हे म्युझियममध्ये ठेवायला पाहिजे." तुम्ही हसलात. "ठेवू ना. पयले तू ह्याच्याइतके वर्षं न चुकता काम करून दाखव, मंग तुमाले दोघाईलेबी संगच ठेवू." दसऱ्याला मी घरचा झेंडू घेऊन यायची. तुम्ही मशीनला हार घालायचात, पण हवेच्या जाळीवर नाही. देवालाही श्वास घ्यायला जागा लागते म्हणायचात.

तुमचा राग मी एकदाच पाहिला. प्रत्येक तालुक्याच्या यादीसोबत ताळ्याची चिठ्ठी यायची. चिठ्ठीवर काय, तर सगळ्या खाते क्रमांकांची बेरीज. जगात कशाच्याही कामाची नाही अशी ती बेरीज, पण एका खात्यातला एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी ती बदलायची. तालुक्याचा कारकून एक बेरीज करणार, मशीन आपली दुसरी करणार, आणि दोन्ही जुळल्या तरच पैसे सुटणार. त्या दिवशी वरूडची चिठ्ठी आलीच नव्हती आणि मला शेवटची बस गाठायची होती. मशीननं केलेली बेरीज पाहून मी तीच चिठ्ठीच्या जागी भरली. तुम्ही मागेच उभे होतात. आवाज न चढवता म्हणालात, "परीक्षेत बाजूच्याचं पाहून लिवलं तं तू पास होशीन. पण हा पेपर तुहा नाई पोरी, लोकाईचा हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी मला वरूडला पाठवलंत, चिठ्ठी हातानं आणायला. आणली, तर खरोखरच ताळा जुळेना. एका म्हातारीचं खातं चुकीचं चढलं होतं. तुम्ही फक्त चहा मागवलात. निवृत्त होऊन अकोल्याला गेलात तेव्हा मला एक वही दिलीत, मशीन कशाकशानं थांबतं आणि तेव्हा काय करायचं ते तुमच्या अक्षरात लिहिलेली. मी ती कपाटात ठेवली आणि विसरले.

मग टाळेबंदी आली. सरकारनं ठरवलं की अनुदानवाल्यांना आणि गाड्यावर, रस्त्यावर भाजी-फळं विकणाऱ्यांना थेट खात्यात मदत द्यायची, आणि तीही चार दिवसांत. नोंदणीचं नवं पोर्टल दुपारपर्यंत गुडघे टेकायचं, आणि तुमचं मशीन मात्र एरवीच्या कितीतरी पट याद्या मुकाट्यानं गिळत होतं. एकामागून एक तालुके पार झाले. फक्त दर्यापूर अडलं. पडद्यावर तीन शब्द: ताळा जुळत नाही. मी सहा वेळा चालवलं, सहाही वेळा तेच. वरून साहेबांचा फोन आला, "अजून ते जुनं मशीनच वापरता का तुम्ही?" मला किती सोपं उत्तर मिळालं सर. मी हो म्हटलं. संध्याकाळी लेखी कळवलं की यंत्रणा कालबाह्य झाली असून दर्यापूर तालुक्याची यादी स्वीकारत नाही, ती तातडीने बदलण्यात यावी. तिसऱ्या दिवशी पेपरात आलं, जुनाट संगणकामुळे मदत रखडली. दर्यापूरहून एका भाजीवालीनं कुठून तरी माझा नंबर मिळवून फोन केला. "बाई, बाकी साऱ्याईचे आले, आमचेच काहून नाई? आमचं नाव कटलं काय?" मी म्हटलं, मशीन बिघडलं आहे. ती म्हणाली, "बरं मंग. मशीनले कोन काय म्हनन." तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि फोन ठेवला.

नवव्या दिवशी मी तुमची वही उघडली, तीही दुसरं काही सुचेना म्हणून. त्या पानावर तुम्ही लिहिलं होतं: ताळा जुळला नाही तर मशीनवर संशय घेऊ नये, मधे यादी कोणी उघडली होती ते विचारावे. यादी मी उघडली होती. सगळ्या तालुक्यांसारखीच, घरी, माझ्या लॅपटॉपवर, कुणाचं नाव दोनदा तर आलं नाही ना ते बघायला, आणि तिथूनच जतन करून मशीनला दिली होती. लॅपटॉपवरच्या त्या स्प्रेडशीटच्या तक्त्याला पंधरा आकड्यांपुढचं काही धरता येत नाही, पुढचा आकडा तो गुपचूप शून्य करून टाकतो. बाकीच्या तालुक्यांची खाती लहान आकड्यांची होती. दर्यापूरच्या बहुतेक बायांची खाती सोळा आकडी, आणि त्यांचा शेवटचा आकडा मीच पुसला होता. मशीननं ती यादी सोडली असती तर ते पैसे कुणाच्या खात्यात जाऊन पडले असते देव जाणे. नऊ दिवस ते त्या बायांचे पैसे राखत होतं आणि मी त्याला शिव्या घालत होते. तहसीलमधून मूळ यादी पुन्हा मागवली, नावं यावेळी हातानं तपासली. वीस मिनिटांत सगळं पार. साहेबांना सांगितलं, कसंबसं चालवून घेतलं. त्यांनी माझं कौतुक केलं, मी ते घेतलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर अंगण खणून काढायची शिफारस करून बसले होते, आणि ती मागे घेतली नाही.

त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला. अजूनही तो आवाज कानात आहे. "पेपरात वाचलं पोरी. ताळा काहून जुळला नाई व?" मी म्हणते, "सर, वय झालं त्याचं." तुम्ही म्हणता, "मशीनचं वय होते. बेरजेचं होत नाई. माह्याच लिवण्यात काई तरी राह्यलं असन. मी पायतो." माझ्यासमोर वही उघडी पडली आहे, खोलीत दुसरं कुणी नाही, एका वाक्याचं काम आहे. आणि मी म्हणते, "जाऊ द्या सर, तुम्ही आराम करा."

पुढच्या उन्हाळ्याच्या आधीच तुम्ही गेलात. तेव्हा येता आलं नाही. येता आलं नाही म्हणते, पण खरं तर सुटका वाटली होती. नंतर अकोल्याला तुमच्या घरी आले तेव्हा काकूंनी प्रोग्रॅमच्या छापील कागदांचा तो लांबच लांब घडीचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची बारीक खूण. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, आणि मग लाल पेन्सिलीनं पुन्हा पहिल्यापासून. काकू म्हणाल्या, "हेच घेऊन बसत होते शेवटलोक. जेवाले बलावलं तं म्हनत, दोन पानं राह्यले. दर्यापूरच्या बायाईचे पैसे माह्यानं अडकले म्हनत." मग माझ्याजवळ सरकून बसल्या. "तुले समजते त्यातलं. सांग बरं मले, कुठी चुकले होते ते?"

मी पानं उलटली, सर. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. मग मधल्याच एका पानावर, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "इथं, काकू. अगदी बारीक चूक आहे." त्यांनी चष्मा लावून ती ओळ पाहिली, तिच्यातलं एकही अक्षर त्यांना कळणार नव्हतं. "एवढ्याशासाठी जीव जाळला त्यायनं," म्हणाल्या, आणि मला थांबवून जेवू घातलं. मी जेवले. ती ओळ बरोबर होती. त्या गठ्ठ्यात एकही ओळ चुकलेली नव्हती.

मागच्या दिवाळीला फोनवर काकू म्हणाल्या, ते पान त्यांनी वेगळं काढून ठेवलं आहे, नातवाला दाखवलं. आजोबा एवढे हुशार, पण इथं चुकले, असं सांगतात त्याला. तेव्हापासून तीन रविवार मी बसस्टँडवर जाऊन परत आले. अकोल्याची गाडी दर अर्ध्या तासाला आहे, पोचायला दोन-अडीच तास लागतात. तुम्हाला लिहायला मात्र मी एका बैठकीत बसले आणि सगळं लिहून झालं. हे कुठं पाठवायचं नाही, तुम्ही ते वाचणार नाही. काकूंना सांगावं लागू नये म्हणूनच मी हे तुम्हाला लिहिलं.