साहेबांचा तक्ता

ता. ३
चि. धाकट्यास, आशीर्वाद.

फोनवर तू रडतोस आणि रडणाऱ्या माणसाशी मला बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या कुत्र्याला, म्हणजे आपल्या साहेबांना, चौदावं सरलं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जगणं जड होतंय का ते रोज दहापैकी गुण देऊन पाहा. निम्म्याखाली गेले की बोलू. इस्पितळात मी तीस वर्षं तक्ते भरलेत, मला शिकवायची गरज नव्हती. खाणं आठ, वाटी रोज रिकामी. चालणं सात, दोन्ही वेळा अंगणात जाऊन येतात. स्वच्छता नऊ. आनंद सहा, साहेब पूर्वीही फारसे हसत नसत.

तेव्हा महिनाअखेरीस सुट्टीवर येशील तेव्हा भेटतील. माझी कंबर मात्र धरलीय आणि चादरी धुऊन हातांची सालं निघालीत. वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, वेगळा लिहीत नाही.
ताई

ता. ८
ती. ताईस, शि. सा. न.

गुण वाचून हायसं वाटलं. मग डबा खाताना तुझी कंबर आठवली. साहेबांना दिवसातून दोनदा पायऱ्या कोण उतरवतं? चादरी कोणाच्या? वाटी रिकामी होते, पण भरवतं कोण? ताई, हे गुण साहेबांचे नाहीत, तुझे आहेत. पुलाच्या कामावर खांब तपासताना आम्ही आधी टेकू काढतो. एक दिवस हात मांडीवर ठेवून नुसती बस आणि मग तक्ता भर. माझ्या सुट्टीपर्यंत साहेबांना ओढत असशील, तर नको. तसं भेटणं मला सोसणार नाही. फटकारून का होईना, उत्तर दे.
तुझा धाकटा

ता. १३
चि. धाकट्यास, आशीर्वाद.

रागावले होते, दोन दिवस. वॉर्डात थाळी रिकामी परत आली की आम्ही ‘रुग्ण जेवला’ एवढंच लिहायचो. चमचा कोणाच्या हातात होता, हे कुणी विचारत नसे.

काल हात मांडीवर ठेवून बसले. वाटी तशीच राहिली. साहेब उठायला गेले, मागचे पाय आलेच नाहीत. मग ओल्यातच पडून माझ्याकडे पाहत राहिले, की बाई आज कामावर का नाहीत. खाणं, चालणं, स्वच्छता, तिन्ही शून्य. आनंदाची जागा कोरी सोडली. संध्याकाळपर्यंत बसायचं ठरवलं होतं; दोन वाजताच उठले, पुसलं, कुशीत घेतलं. तुझं बरोबर होतं. हे पुन्हा लिहून मागू नकोस.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, आणखी एक आठवडा दिला तर? कोणासाठी, असं त्यांनी विचारलं. मी सकाळची, इंजेक्शनाची वेळ ठरवून आले.

आज सकाळी साडेनऊला आटोपलं. शेवटपर्यंत माझा हात डोक्यावर होता. सुट्टी रद्द करू नकोस, घरी ये.

दवाखान्यात हवाली केले: साहेब, वय चौदा, वजन साडेदहा किलो, कान पुसलेले, नखं कापलेली, अंगावर माझी राखाडी शाल. शाल परत घेतली नाही.
ताई