लागेल ते त्यातलंच

सोमवार

देव पावला! नोकरी लागली आणि वर राहायला खोलीही मिळाली. काम काय, तर घातक कचऱ्याच्या गोदामात पिंपांवर लेबलं लावायची. आगीचं लाल, आम्लाचं पांढरं, विषाचं पिवळं. तिन्ही रांगा वेगळ्या, आणि लेबल नसेल तर पिंप गाडीत चढत नाही. माझी पाच वर्षांची लेक भिंगरी खिडकीतून हलायला तयार नाही. खोलीत दारावर, खाटेवर, अगदी फणीवरसुद्धा डिंकाचे चौकोनी डाग आहेत. आधीच्या बाईला लेबलांची भारीच हौस दिसते. बसले खरवडत.

मंगळवार

मुकादमांनी शेवटचा नियम सांगितला. विषाला जे लागेल तेही विषच. फडकं, हातमोजा, झाडू, सगळ्याला पिवळं लेबल आणि सगळं पिंपात. मी म्हटलं, म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणा की! आणि माणूस लागलं तर? ते हसले नाहीत. चहा अर्धाच टाकून उठले.

बुधवार

मागे एक बिनलेबलाचं पिंप सापडलं. आत काय आहे कुणालाच ठाऊक नाही, आणि ठाऊक नसेल ते विषच धरायचं. हातमोजा फाटका होता, तरी मेल्या घाईत ढकललं. बोटं ओली झाली. साबणाने खसाखसा धुतली. वास नाही, जळजळ नाही. मुकादमांनी लांबूनच पाहिलं आणि दुसऱ्या दाराने निघून गेले. घरी आले तर भिंगरी माझ्या लेबलांशी खेळत होती, तिच्यावर राग काढला. रुसून कोपऱ्यात बसली आहे.

गुरुवार

माझ्या खुर्चीवर पिवळं लेबल! मग कपावर, मग कडीवर. कुणाचा हा चावटपणा म्हणून सगळ्यांना फैलावर घेतलं. सगळे मागे सरकले. नीट पाहिलं तर अक्षर माझंच. पाचावर धारण बसली.

शुक्रवार

आता घरातही. दारावर, खाटेवर, फणीवर, मी खरवडलेल्या त्याच डागांवर. ह्या वहीवरही. ड्रायव्हरला विचारलं, आधीची बाई कुठे गेली? म्हणाला, माझ्याच गाडीतून. पुढे बसून? त्याने मागच्या पिंपांकडे बोट दाखवलं.

भिंगरी अजून रुसलेली आहे, जवळ येत नाही. देवा, हा रुसवा टिकू दे. दादाला फोन केला, म्हटलं, उद्याच ये आणि भाचीला घेऊन जा.

शनिवार

दादा संध्याकाळी येईल. मी दाराशी, ती खिडकीशी. जवळ घे ना, म्हणते. नको गं सोने. रडते. मीही रडते.

दुपारी —

डोळा लागला. जागी झाले तर गळ्यात दोन इवले हात. म्हणाली, कट्टी संपली.

मी ओरडले. ढकललं तिला — हातांनीच ढकललं —

कपाळावर. पिवळं. माझं अक्षर. खरवडते आहे, निघत नाही

गाडी आली. दादाची नव्हे. मुकादम बाहेरूनच सांगताहेत, नियम आहे बाई, आमचा इलाज नाही. पिंपं उतरवली. एक मोठं आणि एक अगदी —

भिंगरी हौसेने विचारते आहे, आई, ते छोटं माझं क