मुक्काम राउंडअबाउट सात

५ ऑक्टोबर, रविवार

फॉर्म परत आला. तिसऱ्यांदा. 'बालिकेचे सध्याचे वास्तव्य' या रकान्यात महाराष्ट्राचे छत्तीस जिल्हे आहेत, बहरीन नाही. रकाना रिकामा सोडला तर पुढचं पान उघडत नाही.

अकरा वर्षं झाली मला इथे बहरीनमध्ये, हिद्दच्या कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून. कोड सी म्हणजे दुरुस्त करून पुन्हा पाठवा, कोड डी म्हणजे नामंजूर. पण कारण न लिहिता कागद परत करायची हिंमत आमच्या ऑफिसात कोणाची नाही!

सगळं एकदा लिहूनच काढते, म्हणजे डोकं थंड होईल. माझ्या नवऱ्याची, उज्ज्वलची, बहीण भागीरथाताई वारल्या. नवरा आधीच सोडून गेलेला. त्यांची मुलगी श्रावस्ती, वय नऊ, पाच महिने बालगृहात होती. मग आमच्या गावाकडच्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीने ती मामाला सांभाळायला दिली, आणि जूनमध्ये ती आमच्याकडे आली. अट एकच — मुलीचं मन ठीक आहे असा समुपदेशकाचा अहवाल ३१ ऑक्टोबरच्या आत. नाही आला तर मुलगी परत बालगृहात.

आता जिल्ह्यातला समुपदेशक म्हणतो, मुलगी जिल्ह्यात नाही, मी तपासू कशी? इथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, मी तपासते, पण माझी सही तुमच्या जिल्ह्यात कोण मानणार? आणि श्रावस्ती काहीच म्हणत नाही. चार महिन्यांत एक शब्द नाही. मानेने हो, मानेने नाही. झोपते तीसुद्धा बूट घालून.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज दीड पोळी खाल्ली तिने. बूट घालूनच.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सही चालो न चालो, इथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आलो. बाई चांगल्या आहेत, पण त्यांना इंग्रजी आणि अरबी येतं, आणि श्रावस्तीला फक्त आपली वऱ्हाडी. म्हणून दुभाषी मी. बाई विचारणार, मी मराठीत सांगणार, श्रावस्ती भिंतीकडे बघणार. पाऊण तास मी एका गप्प पोरीचं भाषांतर केलं.

शेवटी बाईंनी मलाच विचारलं, तुम्ही कशा आहात? आणि मी रडले. कशासाठी, देव जाणे. देव मानत नाही तरी.

कागदावर लिहून दिलंय — 'मुलगी शांत. आई अस्वस्थ.' मी मामी आहे. पण ते खोडा असं काही मी म्हटलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी साडेसातला बसमधून जिल्ह्याच्या ऑफिसला फोन. तिकडे दहा वाजतात, ऑफिस नुकतं उघडलेलं असतं. लहू म्हणून बाबू आहेत. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना सगळ्यावर उपाय माहीत असतो.

"मॅडम, सिस्टिम बहरीन घेत नाही. तुम्ही असं करा, जवळचा जिल्हा टाका."

"कशाच्या जवळचा?"

"तुमच्या. बहरीनच्या."

मी हसले. ते हसले नाहीत.

संध्याकाळी उज्ज्वल तुबलीच्या गॅरेजमधून, कामावरून, आला तो मोजायचा टेप घेऊनच. श्रावस्तीचा शाळेचा नकाशा जमिनीवर पसरला आणि गुडघ्यावर बसून बहरीनपासून एकेक जिल्हा मोजत गेला. "हा किनाऱ्यावरचा जवळ पडते. पण नक्की सांगता येत नाही, टेप गाड्या मोजायचा आहे." श्रावस्ती टेपचं दुसरं टोक धरून बसली होती. तिला वाटलं असेल, या घरात जिल्हे असेच ठरवतात. मला तरी दुसरी काय पद्धत माहीत आहे?

१३ ऑक्टोबर, सोमवार

फॉर्म गेला! गाव: राउंडअबाउट सात (इथे पत्ता गोल चौकाच्या नंबरने सांगतात). तालुका: हमद टाउन. जिल्हा: किनाऱ्यावरचा. घराची जागा नकाशावर टोचायची होती. हमद टाउनवर टोचली तर लाल अक्षरं येत. लहूबाबू म्हणाले, "समुद्रात टोचा. थोडा समुद्र जिल्ह्याच्या हद्दीत धरतात." म्हणून किनाऱ्यापासून जरा आत, पाण्यात टोचली. मंजूर. कोड ए.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी. सकाळी बुद्धवंदनेला गेलो, येताना सेलमध्ये दोन ब्लँकेटं आणि दूध पावडरचे डबे घेतले. आल्याआल्या निळ्या बॅगेत भरले. ही बॅग इथे प्रत्येक आपल्या माणसाच्या घरात असते. हॉलच्या कोपऱ्यात, झाकण अर्धवट लावलेलं. गावाला जायचं असो नसो, वर्षभर थोडंथोडं भरत राहायचं. साबण, टॉर्च, अत्तर, आत्याच्या गुडघ्याचं मलम. आमची तर अकरा वर्षांत पुरती रिकामी झालेलीच नाही. गावाहून आलो की दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायला घेतो.

श्रावस्ती दारात उभी राहून बघत होती. म्हटलं, ये, डबे दे हातात. एकेक डबा दिला. हात थंडगार. रात्री पुन्हा जेवली नाही. या पोरीला काय होतं ते कळत नाही, आणि कळत नाही म्हणून मी तिच्यावरच चिडते. ती आवडायला लागली आहे. त्याचाही राग येतो, कारण ३१ तारीख जवळ येते आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

किनाऱ्याच्या जिल्ह्यातून फोन. समुपदेशक तस्नीम मॅडम. पहिलंच वाक्य — "ताई, तुमचं घर पाण्यात दिसतंय."

म्हटलं, हो.

"बोटीवर राहता का?"

खरं सांगितलं. सगळं. राउंडअबाउट, लहूबाबू, गाडीचा टेप. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "गृहभेट सक्तीची आहे. व्हिडिओवर करू. पण नियमाप्रमाणे दोन शेजारी आणि पोलीस पाटील हजर लागतील."

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

क्रमाने लिहिते.

पोलीस पाटील म्हणून उज्ज्वलने बिल्डिंगचा बांगलादेशी वॉचमन आणला. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि फोनला सलाम केला तो हात तसाच कपाळाला धरून राहिला. शेजारी म्हणून समोरच्या जुबैदाभाभी. त्या रत्नागिरीच्या. मॅडमनी मत विचारलं तर म्हणाल्या, "पोर गुणाची हाय. पन घाबरलेली हाय, आनि ही दोघा फारमा भरतायत." दुसऱ्या शेजाऱ्याच्या जागीही मॅडमनी त्यांनाच लिहिलं. भाभींचा आवाज दोघांना पुरेल म्हणाल्या.

मग स्वयंपाकघर दाखवा, नळाचं पाणी दाखवा, संडास दाखवा. मी फोन घेऊन पळते आहे, मागे उज्ज्वल, त्याच्या मागे सलाम धरलेला वॉचमन. फॉर्मचा शेवटचा प्रश्न: 'बालिकेस स्वतःची वस्तू दाखविण्यास सांगावे.' मॅडम म्हणाल्या, "ताई, फोन तिच्या हातात द्या. तुम्ही मागे राहा."

मला वाटलं, दप्तर दाखवेल. बूट दाखवेल. आम्ही घेतलेली सायकल दाखवेल, असं उज्ज्वलला वाटलं. ती सरळ हॉलच्या कोपऱ्यात गेली आणि निळ्या बॅगेसमोर फोन धरला.

"ही माही आहे."

चार महिन्यांनी पहिला शब्द.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "तुझी का गं?"

"मी जाईन तवाची. मामी रोज भरते. भरली का मले नेऊन देतीन."

वॉचमनला मराठी येत नाही, तरी त्याने सलामाचा हात खाली घेतला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

म्हणजे चार महिने हेच. मी साबणाची वडी टाकायची आणि ती मोजायची, अजून किती जागा राहिली. बालगृहात सांगायचे, असं ती म्हणाली, बॅग भरलेली ठेवा, बोलावणं कधीही येईल. आणि इथे मी तिच्याच हाताने डबे भरून घेतले! शंभर कागदांतली एक चुकीची रेघ मी पकडते. घरातलं हे दिसलं नाही. लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

तिला जवळ घेऊन सांगितलं, ती बॅग आत्याची, काकांची, गावातल्या सगळ्यांची आहे, तुझी नाही. तिने ऐकून घेतलं. विश्वास ठेवला असं वाटलं नाही. मी तरी कशाला ठेवला असता?

२६ ऑक्टोबर, रविवार

बॅग रिकामी केली. ब्लँकेटं जुबैदाभाभींना, साबण वॉचमनला, मलम उज्ज्वलच्या कमरेला. दूध पावडरची खीर केली, शेजारीपाजारी वाटली. श्रावस्तीने प्रत्येक वस्तू दारापर्यंत स्वतः पोचवली, जणू पुन्हा आत यायला नको. शेवटी बॅगेत वाकून पाहिलं, तळाला हात फिरवला. झाकण लावून पलंगाखाली सरकवली.

बूट मात्र काढले नाहीत.

३० ऑक्टोबर, गुरुवार

अहवाल गेला, मुदतीच्या एक दिवस आधी. तस्नीम मॅडमनी लिहिलं आहे — 'बालिका बोलते. भीतीचे कारण सापडले व पलंगाखाली ठेवण्यात आले आहे. बालिकेस याच घरात ठेवावे.' मी चार वेळा वाचला.

३ नोव्हेंबर, सोमवार

आमच्या जिल्ह्याचं पत्र. अहवाल मिळाला. परंतु तो दुसऱ्या जिल्ह्याचा असल्याने ग्राह्य नाही. बालिकेस १२ तारखेला समितीपुढे समक्ष हजर करावे, त्यानंतर ताब्याबाबत निर्णय होईल.

लहूबाबूंना फोन केला. म्हणाले, "फक्त दाखवून न्या मॅडम. बहुतेक परत देतील."

बहुतेक.

५ नोव्हेंबर, बुधवार

तिकिटं काढली. जायची तीन, यायची तीन. उज्ज्वल म्हणाला, यायचं तिचंही काढ, नाहीतर मी विमानात बसणार नाही. तिला कसं सांगायचं? पलंगाखालची बॅग पुन्हा कशी काढायची? दोन दिवस मी तिच्या नजरेला नजर देत नाही. उद्या उज्ज्वल सांगणार आहे. मी स्वयंपाकघरात थांबणार आहे. मी भित्री आहे, हे या वहीला माहीत असू दे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल उज्ज्वलने तिला सांगितलं, यायची तीनही तिकिटं तिच्या हातात देऊन. सकाळी उठले तर बॅग हॉलमध्ये, उघडी. आत तीन जोड कपडे नीट घड्या घालून — तिचा, माझा, मामाचा. बाकी सगळी रिकामी. शेजारी श्रावस्ती अनवाणी बसलेली, मांडीवर वही, हातात पेन्सिल.

"मामी, जागा लय आहे. येतानी आपल्या घरी काय काय आनायचं, सांग. मी लिहून घेतो."