मंदाकाकूंचा ओला सडा

मंगळवार, दिवेलागण. सिंदी मेघे

नळ चौथ्या दिवशी येतो, तोही तासभर. तरी शेजारच्या मंदाकाकूंच्या अंगणात रोज ओला सडा. पाणी सुटलं की माझ्या पुढच्या नळाला करंगळीएवढी धार, आणि मागच्या भिंतीकडून घुंघुं आवाज. म्हणजे काकूंनी नळाला टिल्लू मोटर लावली, पाणी ओढून घेतात. दुसरं काय? गल्लीभर सांगूनही झालं माझं. तो सडा डोळ्यांत खुपायचा.

आज ऐन नळाच्या वेळी लाइट गेली. घुंघुं थांबलं आणि माझी धार मनगटाएवढी झाली. पकडलं, म्हटलं. तर काकूच कुंपणाशी आल्या.

"तुमची टिल्लू बंद पडली वाटते बाई. आता कुठं मले पाणी येऊन राह्यलं. नाई तर धुण्याच्या पाण्यानंच सडा टाकतो मी."

"आमच्याकडे टिल्लू नाई," मी ठणकावलं.

मग मागे गेले. कूलरची जुनी मोटर आहे असं सांगून ह्यांनी तिथं पोत्याखाली काहीतरी झाकून ठेवलंय. पोतं उचललं, हात लावला. गरम. पाइप सरळ आपल्या टाकीत.

ह्यांनी मला काऊन नाही सांगितलं? की मीच विचारलं नाही? आपली टाकी उन्हाळाभर एकदाही आटली नाही, हे मला आजच कसं आठवलं?

तेवढ्यात लाइट आली. हाताखाली घुंघुं सुरू झालं. काकूंची बादली अर्धीच राहिली असेल.

मी पोतं होतं तसं झाकलं आणि आत आले.